पूर, पुनर्बांधणी आणि सीमाभागातले तापलेले दिवस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निपाणी, चिक्कोडी, खानापूर आणि बेळगाव तालुक्यांत पूरमदतीचं काम करताना जे प्रश्न दर पावसाळ्यात पुन्हा पुन्हा कानावर येतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही मदत घेणाऱ्यांचे आहेत, काही देणाऱ्यांचे. सीमाप्रश्नावर कुणाचं मत काय असावं हे इथे सांगायचं नाही. पाण्यात घर गेलेल्या माणसाला त्याच्या हक्काचं लवकर आणि मानाने मिळावं, एवढ्यासाठी ही माहिती आहे.

आमच्याकडे पूर येतो तो नेमका कुठून?

बेळगाव जिल्ह्यात एक पूर येत नाही, चार-पाच वेगळे पूर येतात. निपाणी-चिक्कोडीचं पाणी बहुतेक कोल्हापूर जिल्ह्यातून उतरतं. वेदगंगा आणि दूधगंगा तिकडून भरून येतात, कृष्णा सांगलीकडून येते, आणि कल्लोळजवळ दूधगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा आधीच तुडुंब असेल तर दूधगंगेला पुढे वाट मिळत नाही, पाणी मागे फुगतं आणि कारदगा, भोज, सदलगा या पट्ट्यात शिवारात पसरतं. गोकाकला घटप्रभा चढते. हिडकल धरणातून सोडलेलं पाणी, वाटेत मिळणारी हिरण्यकेशी आणि मार्कंडेय, असं सगळं एकदम आलं की २०१९ च्या ऑगस्टसारखं शहरात पाणी शिरतं. रामदुर्गला मलप्रभा आणि नवीलतीर्थ धरणाचा विसर्ग. मलप्रभेचा उगम खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीचा, त्यामुळे जांबोटी-कणकुंबी भागात कोसळलं की खानापुरात नदी लगेच फुगते. बेळगाव शहरालगतचा बळ्ळारी नाला तर नदीसुद्धा नाही, पण येळ्ळूर, वडगाव, शहापूर शिवारातलं भात तो जवळजवळ दरवर्षी बुडवतो. बेळगावचा बासमती म्हणून ज्याचं नाव आहे, ते भात इथलंच.

एका राज्यात पडलेला पाऊस दुसऱ्या राज्यात घर पाडतो, म्हणून धरणांवरून भांडण होतं. कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाची पूर्ण पातळी ५१९.६० मीटर, ती ५२४.२५६ मीटरपर्यंत वाढवायची की नाही यावर दोन्हीकडचे लोक तावातावाने बोलतात. तो वाद महत्त्वाचा आहे, पण पाणी चढत असलेल्या रात्री तो कामाचा नाही. त्या रात्री कृष्णेवरच्या राजापूर बंधाऱ्याचा आणि कल्लोळचा पाण्याचा आकडा बघावा.

पाणी गावात येणार हे आधी कसं ओळखायचं?

आमच्याकडे पहिली खूण म्हणजे बंधारे. कल्लोळ-यडूर, मलिकवाड-दत्तवाड, कारदगा-भोज, भोजवाडी-कुन्नूर, सिद्नाळ-अक्कोळ, जत्राट-भिवशी हे सखल बंधारे पाण्याखाली गेले की रस्ता तुटतो आणि पुढच्या तयारीला फार वेळ उरत नाही. कागल किंवा शिरोळ तालुक्यात पाहुणे असतील तर त्यांना फोन करा, तिथलं पाणी आपल्याकडे यायला थोडा अवधी असतो. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७, तातडीच्या मदतीसाठी ११२. बंधाऱ्यावरून एक फूट पाणी वाहत असलं तरी मोटारसायकल घालू नका. दरवर्षी कुणीतरी घालतोच.

घर सोडताना काय न्यायचं?

जनावरं आधी सोडा. दावणीला बांधलेली म्हैस पोहू शकत नाही. वेळ नसेल तर निदान दावं कापा.

माणसांबरोबर कागद. रेशन कार्ड, आधार, बँकेचं पासबुक, जमिनीचा उतारा, घराची ग्रामपंचायतीतली नोंद आणि घरपट्टीची पावती. हे सगळं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून गव्हाच्या कोठीत नाही, अंगावर ठेवायचं. मोबाईलवर प्रत्येक कागदाचा फोटो काढून दुसऱ्या गावच्या नातेवाइकाला पाठवून ठेवा. २०१९ ला एका काकूंनी भिजलेलं रेशन कार्ड कोमट तव्यावर फडक्याखाली ठेवून वाळवलं होतं. कडा करपल्या, पण नंबर वाचता येत होता, आणि त्या नंबरावर पुढचं सगळं मिळालं.

निवारा केंद्रात भाषेवरून दुजाभाव होतो का?

होतो, आणि बहुतेक वेळा तो मुद्दाम केलेला नसतो, म्हणूनच तो पकडायला हवा. सूचना फक्त कन्नडमध्ये झाली, की सकाळी दूध वाटलं जातंय हे मराठी गल्लीतल्या बाळंतिणीला दुपारी कळतं. उलटही होतं. मराठी तरुणांचं मंडळ टेम्पो भरून येतं, ओळखीच्या गल्लीत वाटप करतं आणि गावाच्या टोकाला राहणारी कन्नड बोलणारी मजुरांची घरं तशीच राहतात. दोन्ही मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

उपाय साधा आहे. प्रत्येक सूचना दोन्ही भाषांत, एकापाठोपाठ. यादी करताना नाव, माणसं किती, लहान मुलं किती, आजारी कोण, गरोदर कोण एवढंच विचारायचं. मातृभाषेचा रकाना यादीत ठेवायचाच नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये एका शाळेत भात-आमटीच्या रांगेत एका पोराने यादी करताना म्हातारीला विचारलं, "आजी, तुमी मराठी का कन्नड?" म्हातारी थाळी पुढे करत म्हणाली, "आमी पुरातली रं बाळा." त्याने तो रकाना खोडला.

सरकारी निवारा केंद्राला कन्नडमध्ये 'काळजी केंद्र' म्हणतात. पाटीवर ते अक्षर वाचता आलं नाही तरी कानाला शब्द आपलाच लागतो, आणि तो दोन्ही भाषांत एकाच अर्थाचा आहे.

केंद्र बरं चाललंय का हे पाहायला काही आकडे ध्यानात ठेवा. जगभर मदतकार्यात माणशी रोज किमान १५ लिटर पाणी आणि झोपायला साडेतीन चौरस मीटर छताखालची जागा धरली जाते. सुरुवातीला ५० माणसांमागे एक आणि शक्य तितक्या लवकर २० माणसांमागे एक शौचालय असावं. बायकांची शौचालयं वेगळी, आतून कडी आणि बाहेर दिवा. शाळेच्या तीन खोल्यांत २०० माणसं कोंबली असतील तर दुसरी शाळा उघडून मागा. तो हट्ट नव्हे.

पूर जुलै-ऑगस्टचा, आंदोलनं हिवाळ्यातली. मग दोन्हींचा संबंध काय?

हा प्रश्न बाहेरून येणाऱ्या संस्था नेहमी विचारतात. संबंध पुनर्बांधणीचा आहे. पाणी ओसरतं, पंचनामे होतात, गणपती-दसरा जातो, ओल सुकते, आणि घर बांधायला खरी सुरुवात होते दिवाळीच्या आसपास. नेमके तेच आमचे तापलेले दिवस. १ नोव्हेंबरला कर्नाटकात राज्योत्सव आणि सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिन. दोन्हींचं मूळ १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत. डिसेंबरात बहुधा बेळगावच्या सुवर्णसौधात विधिमंडळाचं अधिवेशन. १७ जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांचा हुतात्मा दिन. त्यात २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेल्या सीमाप्रश्नाच्या दाव्याची तारीख लागली की वातावरण आणखी तापतं.

६ डिसेंबर २०२२ ला हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या क्रमांकांच्या मालमोटारींवर दगडफेक झाली, आणि त्या दिवसांत दोन्ही राज्यांच्या बससेवेवर परिणाम झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये कंडक्टरला मारहाणीच्या प्रकरणावरून पुन्हा बस थांबल्या. अशा आठवड्यात ज्याचं घर अर्धं बांधून झालंय त्याचा गवंडी पलीकडून येत नाही, पत्रे कोल्हापुरातून निघत नाहीत, आणि सरकारी भरपाईच्या पुढच्या हप्त्यासाठी लागणारा छपराचा फोटो लांबतो. दगड गाडीवर पडतो, पण हप्ता अडकतो त्या घराचा.

महाराष्ट्रातून मदतीची गाडी आणायची आहे. वातावरण तापलं असेल तर?

आणा, पण घाई नको. निघण्याआधी ज्या तालुक्यात जायचं तिथल्या तहसीलदार कार्यालयाला आणि पोलीस ठाण्याला लेखी कळवा: गाडी क्रमांक, चालकाचं नाव, सामान, कुठल्या गावाला आणि कधी. त्याची शिक्का मारलेली प्रत चालकाजवळ ठेवा. गाडीच्या पुढे फलक लावा, मराठीत 'पूरग्रस्तांसाठी मदत' आणि कन्नड अक्षरांत 'नेरे परिहार', म्हणजे तेच. फलकावर पक्षाचं नाव, नेत्याचा फोटो, घोषणा, झेंडा काही नको. आणि हे सामानाच्या पाकिटांनाही लागू आहे. पाच किलो तांदळाच्या पिशवीवर छापलेल्या चेहऱ्यामुळे एका गावात वाटपच थांबलं होतं, आणि तांदूळ तीन दिवस पंचायतीच्या ओट्यावर पडून राहिला.

दगडफेकीची भीती असेल तर सीमेवरच्या कोगनोळीजवळ माल उतरवून स्थानिक क्रमांकाच्या टेम्पोत भरणं सगळ्यांत शहाणपणाचं. बेळगाव तालुक्यासाठी चंदगडकडून शिनोळीचा रस्ता आहे, तिथेही तसंच करता येतं. चालक गाडी सोडून पळून जायची वेळ आली तर सामान गेलं तरी चालेल, माणूस परत आला पाहिजे.

जमावबंदी लागू असताना वाटप करता येतं का?

पूर्वी ज्याला कलम १४४ म्हणायचे, ते १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरी सुरक्षा संहितेत कलम १६३ झालं आहे. आदेशात सहसा पाच किंवा जास्त जणांच्या जमावाला मनाई असते. मदतीला आपोआप सूट मिळते असं समजू नका. आदेश मिळवून वाचा, लेखी परवानगी मागा. मोठी रांग लावण्याऐवजी दोघा-दोघांनी घरोघर पोचवा. खरं तर एरवीही हेच बरं. रांगेत उभी राहायला लाजणारी घरं प्रत्येक गावात असतात.

पंचनाम्याच्या वेळी काय पाहायचं?

भरपाईत माणूस हरतो तो बहुतेक इथेच. पाणी ओसरल्यावर लोक आधी घर धुतात, पडलेली माती काढतात, आणि तलाठी येतो तेव्हा दाखवायला काही उरत नाही. घाण तशी ठेवता येत नाही हे खरं, म्हणून झाडू हातात घेण्याआधी फोटो काढा: भिंतीवरची पाण्याची रेषा, पडलेली भिंत आतून आणि बाहेरून, आणि एक फोटो असा की ज्यात घराचा क्रमांक किंवा शेजारचं देऊळ-शाळा दिसेल. मेलेल्या जनावराचा फोटो कानातल्या बिल्ल्यासकट काढा आणि पशुवैद्यकाचा दाखला घ्या.

मातीच्या घराबद्दल एक सांगतो. भिंत पाण्यात उभी राहते आणि पाणी गेल्यावर, ऊन लागल्यावर, चौथ्या-पाचव्या दिवशी बसते. तोवर पंचनामा झालेला असतो आणि नोंद 'किरकोळ नुकसान' अशी असते. तसं झालं तर गप्प बसू नका, नव्या फोटोंसह पुन्हा पाहणीची अर्जी त्याच आठवड्यात द्या आणि पोच घ्या. आणि त्या पहिल्या आठवड्यात पोरांना अशा घरात झोपवू नका.

सही करण्याआधी कागदावर टक्के किती लिहिलेत ते विचारा. १५ ते २५ टक्के, २५ ते ७५ टक्के आणि ७५ टक्क्यांच्या वर, या तीन पायऱ्यांवर रक्कम ठरते. २४ आणि २६ मध्ये घराला फारसा फरक नसतो, रकमेत मोठा असतो.

कागद कन्नडमध्ये आहे, मला वाचता येत नाही. सही करू का?

समजल्याशिवाय करू नका. एका कार्यालयात एका शेतकरी मामांनी पीक नुकसानीऐवजी घराच्या कागदावर अंगठा दिला होता, आणि ते दुरुस्त करायला सात खेपा लागल्या. पाच-सहा शब्द पाठ केले तरी निम्मं काम होतं. हेसरू म्हणजे नाव, तंदे म्हणजे वडील, मने म्हणजे घर, बेळे म्हणजे पीक, परिहार म्हणजे भरपाई. प्रवाह म्हणजे पूर. हानी, अर्जी, खाते आणि सही हे शब्द तर ऐकूनच कळतील.

तक्रार मात्र मराठीत लिहायचा तुम्हाला अधिकार आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० नुसार गाऱ्हाणं राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतं. भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या संरक्षणांत असंही आहे की जिल्ह्यात किंवा तालुक्यात १५ टक्के लोक एखादी भाषा बोलत असतील तर महत्त्वाच्या सूचना त्या भाषेत द्याव्यात. हे आवाज न चढवता, लेखी मागा. सोबत कन्नड अनुवाद जोडला तर काम लवकर होतं हा माझा अनुभव. खिडकीपलीकडचा कारकूनही बहुतेक वेळा चांगला माणूस असतो, त्याला फक्त अक्षर वाचता येत नसतं, जसं आपल्याला येत नाही.

भरपाई किती मिळते?

दोन थर आहेत. केंद्र सरकारने २०२२-२३ ते २०२५-२६ साठी ठरवलेले आपत्ती निधीचे निकष हा पाया: मृत्यू झाल्यास वारसांना ४ लाख, सपाट भागात पूर्ण पडलेल्या घराला १ लाख २० हजार, झोपडीला ८ हजार, दुभत्या गाय-म्हशीला ३७,५००, ओढकामाच्या बैलाला ३२ हजार, शेळी-मेंढीला ४ हजार. पीक ३३ टक्के किंवा जास्त गेलं तर कोरडवाहूला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७ हजार, बहुवार्षिकाला २२,५००, कमाल दोन हेक्टर. शेतात तीन इंचांहून जास्त गाळ बसला तर तो काढायला हेक्टरी १८ हजार वेगळे मिळू शकतात. हे फार कमी जण मागतात.

वरचा थर राज्याचा, आणि तो त्या-त्या वर्षीच्या आदेशावर. २०१९ ला कर्नाटकने घरात पाणी शिरलेल्या कुटुंबाला तातडीचे १० हजार आणि ७५ टक्क्यांहून जास्त पडलेल्या घराला ५ लाख जाहीर केले. ५ लाख एकदम हातात आले नाहीत. राजीव गांधी गृहनिर्माण निगममार्फत पाया, भिंती, छप्पर असे बांधकामाचे टप्पे पाहून हप्ते पडले. म्हणून यंदाचा आदेश पंचायतीत मागून वाचा, मागच्या पुराचा आकडा धरून कर्ज काढू नका.

कुळाने किंवा वाट्याने शेत करणाऱ्याचं काय, हा दुखरा प्रश्न आहे. पैसे उताऱ्यावरच्या नावाला जातात. मालक भला असेल तर देतो. पंचनाम्याच्या वेळीच पंचांसमोर 'पेरणी अमुक माणसाची' एवढी ओळ लिहून घेतली तर पुढे बोलायला आधार राहतो.

नदीकाठचं घर तिथेच बांधावं की नव्या जागी?

घाईने उत्तर देऊ नका. २००९ च्या ऑक्टोबरातल्या महापुरानंतर उत्तर कर्नाटकात 'आसरे' नावाने नवग्राम उभे राहिले. शब्द आपल्याच आसऱ्याचा. पण अनेक ठिकाणी ती घरं रिकामी राहिली. शेत लांब, गोठ्याला जागा नाही, पाण्याची सोय उशिरा, आणि जुनी गल्ली विस्कटलेली. ज्याच्या दारात दोन म्हशी आहेत तो पंधरा बाय वीसच्या खोलीत राहायला जाईल कसा?

माझं मत असं: दर चार-पाच वर्षांनी छातीभर पाणी येतं त्या घरांनी उठावं, पण गल्ली एकत्र उठावी, आणि जागा ठरवताना बायकांना विचारावं, कारण पाणी आणि सरपण त्यांना आणायचं असतं. गुडघाभर पाणी येणाऱ्यांनी जोतं उंच करून तिथेच बांधलं तरी चालतं. नव्या वसाहतीत भाषेप्रमाणे ओळी पाडल्या जात असतील तर तिथे मात्र ठाम विरोध करा.

बांधताना काय चुकतं?

काळ्या मातीवर वरवर पाया घालणं. ती माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. मुरूम लागेपर्यंत खाली जा. जोतं पुराच्या खुणेच्या वर घ्या, ते परवडत नसेल तर निदान जोत्यापर्यंत दगड सिमेंटमध्ये बांधा. जोत्यावर आणि दारं-खिडक्यांच्या वर सलग काँक्रीटची पट्टी घातली तर भिंती एकमेकींना धरून राहतात. ओल्या भिंतीला गिलावा करू नका. आणि एक माळा ठेवा, पोती आणि कागद चढवायला.

विहिरीचं पाणी कधी प्यावं?

पुराचं पाणी शिरलेली विहीर आधी उपसा. मग ब्लीचिंग पावडर, १००० लिटरला सुमारे अडीच ग्रॅम. तीन मीटर रुंद आणि चार मीटर पाणी असलेल्या गोल विहिरीत जवळपास २८ हजार लिटर पाणी असतं, म्हणजे ७० ग्रॅम. पावडर बादलीत कालवून चुना खाली बसू द्या, वरची निवळी विहिरीत सोडा, बादली वर-खाली करून ढवळा आणि निदान तासभर थांबा. पुरानंतर पाणी फार गढूळ असतं, तेव्हा मात्रा आरोग्य कर्मचाऱ्याकडून तपासून घ्या. तोवर उकळूनच. चिखलात काम करून ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मुताने दूषित पाण्यातून होणारा ताप) शंका धरून त्याच दिवशी दवाखाना गाठा. अडगळ उचलताना काठीने हलवून बघा, पाण्याबरोबर घोणस घरात येते.

जुने कपडे पाठवू का?

नको. चटया, ताडपत्री, सॅनिटरी पॅड, आतले नवे कपडे, टॉर्च, डासांच्या जाळ्या पाठवा. जनावरांना चारा पाठवा. ऊस आठवडाभर बुडला की शेंडा कुजतो, मग वैरणही जाते आणि पुढचा पैसाही.

व्हॉट्सअपवर 'अमक्या गावात मराठी माणसांची मदत अडवली' असं येतं. पुढे पाठवू का?

त्या गावातल्या एका तरी माणसाशी बोलल्याशिवाय नाही. फोटो जुना असतो, गाव वेगळं असतं, कधी नुसतीच वाट अडलेली असते आणि बातमी माणसांनी अडवल्याची होते. खरंच अडवलं असेल तर वेळ, जागा, गाडी क्रमांक लिहून तहसीलदार आणि पोलिसांना द्या, लिहिलेलं टिकतं.

मी सीमालढ्यात आहे. कन्नड संघटनेबरोबर मिळून मदत केली तर माझी बाजू सोडल्यासारखं होईल का?

नाही. माझे वडील १ नोव्हेंबरला काळी फीत लावायचे, आणि पुरात कन्नड शाळेच्या मास्तरांबरोबर एकाच होडीत दोर ओढायचे. दोन्ही गोष्टी त्यांनी मनापासून केल्या.

पुढच्या पावसाआधी गावाने कोणतं एक काम करावं?

पुराची खूण रंगवा. शाळेच्या भिंतीवर, चावडीवर, विजेच्या खांबावर, जिथवर पाणी आलं तिथे आडवी लाल रेषा, आणि शेजारी वर्ष. आमच्या गल्लीतल्या खांबावर दोन रेषा आहेत, २०१९ ची आणि तिच्या खाली २०२१ ची. अक्षरं दोन्ही लिपींत आहेत. मराठी माझ्या पुतण्याने लिहिली, कन्नड शेजारच्या अक्कांच्या मुलीने. ऑइलपेंट लागतो, डिस्टेंपर दोन पावसांत धुऊन जातो. मे महिन्यात भिंत कोरडी असताना रंगवा.